आईच्या मशीनचा पट्टा

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आली भांडायला! नाही गं. आधी पाणी पी, मग वाच.

मी हल्ली ध्यानाला जाते. घे, हसून घे. जिला तू जन्मभर ‘चुळबुळी’ म्हणालीस, ती आता डोळे मिटून तासभर बसते. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, बुद्धाने ध्यानाच्या आड येणारे मनाचे पाच अडथळे सांगितलेत: ओढ, राग, सुस्ती, चुळबुळ आणि शंका. म्हटलं, पाचही घरचेच आहेत! सुस्ती पहिल्याच दिवशी आली. मी बसल्या बसल्या चक्क घोरले. ओढ म्हणशील, तर पुढे बसलेल्या एकीची बाही खांद्यावर उसवली होती. सुईदोऱ्यासाठी नुसता जीव कासावीस! पण कहर केला पायाने. श्वासाकडे लक्ष लावलं की माझा उजवा पाय आपोआप शिलाई मशीन चालवायला लागायचा. खाली लाकडी जमीन, सगळी खोली कुरकुरायची. शेवटी बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, काय शिवताय? माझ्या तोंडून निघून गेलं, ताईचं तोंड!

सगळे हसले, मीही हसले, आणि मग मला रडू फुटलं. आई गेल्यावर तू तिचं मशीन न विचारता उचलून नेलंस, तेव्हापासून आपलं बोलणं बंद. पण मनातल्या मनात मी रोज तुझ्याशी भांडत होते. बाई म्हणाल्या, रागाला हाकलू नका, तो अंगात कुठे बसलाय तेवढं बघा. माझा जबड्यात होता. बघत राहिले. एका सकाळी जबडा सैल पडला आणि आई आठवली, ओठांत दोरा धरलेली, आपण दोघी तिच्या पायाशी चिंध्या वेचतोय. तुलाही तीच हवी होती गं, मशीन कुठे हवं होतं! राग अजून येतो, पण आता मी त्याला ओळखते. फार वेळ टिकत नाही बिचारा.

उरली शंका: तू दार उघडशील का? तीही आलेली पाहिली आणि लिहायला बसले. तुझ्या लेकीने सांगितलं, मशीनचा पट्टा सारखा सुटतो, दुरुस्तीवाला भंगारात द्या म्हणतो आणि तू ते चादरीखाली झाकून ठेवलंयस. देऊ नकोस. रविवारी मी नवा चामडी पट्टा, तारेची कडी आणि तेल घेऊन येतेय. मशीन तुझ्याकडेच राहू दे. पट्टा मी बसवते, पहिली टीप तू मार.

तुझीच,
चुळबुळी