अर्धी अंडी

सोम. ४ नोव्हेंबर १९५७, मुलुंड
प्रयोगशाळेत बाटल्या पाहिल्या. डोंगराअलीकडची आमची मुलुंडची चिलटं आपसांत वाढवली तर जवळपास सगळ्या अंड्यांतून अळ्या निघतात. पलीकडच्या बोरिवलीच्यांचंही तसंच. दोघांचा संकर केला, तर पिल्लं धडधाकट. पण त्या पिल्लांनी घातलेली अंडी मात्र निम्मी मेलेली. सर म्हणाले, "त्यांना खायला घातलेलं केळं जास्त आंबलं असेल. परत कर." तिसऱ्यांदा करतेय.

गुरु. ७
संकराच्या अळीची लाळग्रंथी काचेवर दाबून रंगवली. गुणसूत्रं जोडीजोडीने पडायच्या ऐवजी चौघांची मिळून फुली. म्हणजे बोरिवलीवाल्यांत कधीतरी दोन गुणसूत्रांनी तुकडे अदलाबदल केलेत. हरवलं काहीच नाही, जागा तेवढ्या बदलल्या. पण संकराच्या अंड्यांत वाटणी होताना निम्म्यांना एक तुकडा दुप्पट मिळतो, दुसरा मिळतच नाही, ती मरतात. सर बराच वेळ भिंगातून बघत होते. "अशीच हळूहळू एका जातीच्या दोन होतात," एवढंच म्हणाले. केळ्याचं नाव नाही.

शनि. ९
घाटकोपरहून ताई आली, ट्रंक घेऊन. परत पोट पडलं, तिसऱ्यांदा. रक्त फार गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर तरी दिवस जायला नकोत. तिच्या सासूबाईंचं एकच, हिची कूसच वाईट. भावजी पोचवून चहा न घेता गेले.

रवि. १०
राहवलं नाही. ताईला फुली काढून दाखवली. आईबाप निरोगी, तरी अर्धी अंडी जात नाहीत पुढे. माणसांतही असं असेल कदाचित.
"म्हणजे दोष माझा नाही?"
"दोष नाहीच तो. आणि असलाच तर तुझ्याकडून की भावजींकडून, ते बघायची सोय नाही."
तिने कागद हातात घेतला. मग म्हणाली, "अर्धी जगतात ना पण?"
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मंगळ. १२
सरांना विचारलं. "चिलटांवरून माणसांचं बोलू नये." बरोबरच आहे. आता काय उपयोग.

गुरु. १४
ताईने भावजींना पत्र टाकून बोलावलं. उद्या परत जाते म्हणते. आई माझ्याकडे बघत नाही. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंचं तरी ऐक, वर्षभर थांब.
"तुझ्या चिलटांच्या वर्षात किती पिढ्या होतात गं?"
"वीस-पंचवीस."
"मला एकच आहे," म्हणाली, आणि पातळांच्या घड्या घालायला बसली.

शुक्र. १५
भावजी आले. ताई आत वेणी घालत होती. त्यांनी मला गॅलरीत बोलावून हळूच विचारलं, "या वेळी नक्की जगेल, असं तू म्हणालीस?"
मी नाही म्हटलं. वर्षभर थांबा, असं सांगणार तेवढ्यात ताई ट्रंक घेऊन बाहेर आली, आणि दोघं निघाली.