गळ्याखालचे दोन पर

सावेडी, अहिल्यानगर
१२ फेब्रुवारी २०२५

सबिहा आपा,

सलाम. तीन महिने रोज 'उद्या लिहितो' म्हणत टाळलं. आळस नव्हता. कारण पुढे सांगतो, जमलं तर. फोन करत नाही, कारण तुझ्या सासरी स्पीकर लावून अख्खं घर ऐकतं. मुबारकबी फुफीच्या कोंबड्या कशा आहेत? हां, तर ऐक, माझं डोकं फिरलंय.

इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीतल्या बरण्या पुसतो. साप, विंचू, एक दोन तोंडांचं कोकरूसुद्धा आहे. रोज त्याला सलाम करतो, कोणत्या तोंडाला करायचा तेवढं कळत नाही. रजिस्टरात माझ्या नावापुढे वडिलांच्या नावाची जागा होती, ती कोरी सोडली. असो. काम मिळालं ते माझ्याच बरणीमुळे. तीच, रत्नागिरीला मासेमारीच्या ट्रॉलरवर होतो तेव्हा आणलेल्या माशाची. ती मी कॉलेजला देऊन टाकली. आणि राधाकृष्ण सरांनी तिच्यावर लेबल चिकटवलं: 'वाम'.

वाम! सर अकोल्याचे, धरणाच्या कडेला वाढलेले. लांबडं काही दिसलं की त्यांना वामच दिसते. म्हटलं, "सर, वामीला गालामागे बारीक भोक असतं. ह्याचा कल्ला झाकणासारखा उघडतो. अंगावर खवले आहेत. आणि गळ्याखाली हे दोन दोरे बघा."

"मिशा आहेत त्या. तूच म्हणालास ना, बरणी आणलीस तेव्हा?"

म्हणालो होतो.

मग लायब्ररीतून जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. वाचता फारसं येत नाही, चित्रांवरून चार दिवस शोधलं. सापडला! कस्क-ईल. पाठीवरचा पोहायचा पर, शेपटी आणि खालचा पर एकात एक मिसळून टोकाला निमुळते झालेले. सगळं जुळलं. धावत गेलो तर सर चष्मा वर करून म्हणतात, "नावातच ईल आहे. ईल म्हणजे वाम. संपलं."

"मग समुद्रघोड्याला हरभरे चारता का, सर?"

पोरं हसली. मला बाहेर काढलं. सोमवारी तपासणीची माणसं येणार, त्याआधी लेबल पक्कं होणार. पुन्हा हात लावलास तर बरण्या पुसायला दुसरा माणूस येईल, म्हणाले. शिकलेल्या माणसानं बघूच नये का गं? बरणी उचलून एकदा उजेडात धरा, एवढंच तर मागत होतो!

आता ते, जे टाळत होतो.

चित्रात त्या दोन दोऱ्यांकडे बाण आहे. मिशा नाहीत त्या. इतर माशांना पोटाखाली दोन पर असतात ना, तेच ते. ह्या माशात पुढे सरकून गळ्याखाली आलेत. वामीला ते नसतातच.

हे मला आधीच कुणी सांगितलं होतं, तुला माहीत आहे. कर्जतच्या बाजारात तूही उभी होतीस. अब्बांनी मासा बरणीतून काढून त्याच्या गळ्याखालून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मिशा न्हाईत रं ह्या. मुळाशी हाड लागतंय. पोटाखालचे पर हायत, पुढं आल्यात." आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "अब्बा, समुद्र बघितलाय का कधी?" शेजारच्या पाटीवरची झुंबरबाई तर पोट धरून हसली. अब्बा रोहूचे खवले काढत राहिले. वर पाहिलंच नाही. त्याच संध्याकाळी मी निघालो. दोन वर्षं झाली.

सरांवर चिडता चिडता मधेच त्यांच्या जागी मी दिसतो. मग आणखीच चिडतो. रजिस्टरातली ती जागा कोरी सोडली ती रागानं नाही, आपा. लाजेनं.

थांब. वॉचमन बोलवायला आलाय. कर्जतहून कुणी आलंय म्हणे.

आपा, अब्बा! दाराबाहेर चपला काढून उभे आहेत, हातात पिशवी. पत्ता फक्त तुला कळवला होता, म्हणजे तुझंच काम. मला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "त्यो मासा हाय का अजून?"

सर आत आहेत. बरणी उचलून दोघांच्या मधे ठेवतो. मिशा कोण म्हणालं होतं, ते आधी मीच सांगणार.

तुझा भाऊ,
रिझवान पीरमहंमद शेख