उडी मारली की सूर जातो

४ फेब्रुवारी
आज पुन्हा वाजलं! ताईचं आणि माझं.
"बंद कर तो मिक्सर!" — आतल्या खोलीतून. माझ्या संगीताला ती मिक्सर म्हणते. केला नाही. करणारही नाही.

ताईचा डावा हात लुळा पडला, पियानोला कुलूप लागलं, शिकायला येणारी मुलं बंद झाली. त्याला वर्ष होईल. मला वाईट वाटत नाही का? वाटतं. पण म्हणून तिने फर्मान काढायचं, की या घरात आता सूर नको? घर दोघांचं आहे! दिवसभर मी दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या घासतो. घरी येऊन जुन्या गेमच्या कन्सोलवर थोडं संगीत केलं, तर कुणाच्या बापाचं काय जातं? आमच्याच बापाने आणलेला कन्सोल तो — दोघांत एक.

६ फेब्रुवारी
जेवताना ताई: "चार आवाज, त्यातला एक नुसती खरखर. याला संगीत म्हणतोस, बाळ्या?"

हो, म्हणतो! कन्सोलचे दोन आवाज सुराचे, एक खर्जाचा, एक खरखरीचा — त्या खरखरीतूनच ढोल काढायचा. एका आवाजात एका वेळी एकच स्वर. दोन हवेत? मग इतक्या भराभर आलटूनपालटून वाजवायचे की कान फसला पाहिजे. जमवून दाखव म्हणावं!

पण ती बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती. मदतीला गेलं की अंगावर येते.

९ फेब्रुवारी
चष्मिषने त्याच्या गेमसाठी माझी चाल घेतली! कामावर माझ्या शेजारी बसून कवळ्यांचे दात रंगवतो, आणि हौसेने माझ्यासारख्याच कन्सोलसाठी नवा गेम बनवतोय. गडी आपोआप धावतो, खड्डा आला की आपण उडीचं बटण दाबायचं. बास. माझी चाल पहिल्यांदाच परके कान ऐकणार.

१५ फेब्रुवारी
फजिती!! गडी उडाला की उडीच्या आवाजासाठी गेम चारांतला एक आवाज हिसकावून घेतो. नेमका पहिला. आणि मी शहाण्याने मुख्य चाल पहिल्यावरच ठेवलेली. घरी नुसती ऐकत बसलो, गेम खेळत कधी ऐकलीच नाही. गडी उडतो, चाल गडप. पुन्हा उडतो, पुन्हा गडप. उचकी लागल्यासारखी.

चाल दुसऱ्या आवाजावर हलवली — तर तिथली साथ बेघर झाली.

चष्मिष म्हणाला, "चाल काढून टाक ना, नुसता ठेका दे. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला विचारतो."
"विचार खुशाल!" म्हटलं आणि निघून आलो.

ताईला सांगितलं, तर हसली. वर्षात पहिल्यांदा हसली, तीही माझ्यावर! "बरं झालं, पीडा गेली."
आता तर करणारच.

१८ फेब्रुवारी
सापडलं! उडीचा तो कुईं आवाज हवाय कशाला? उडी मारली की माझ्या चालीतलाच स्वर वाजू दे. चालीत मी मुद्दाम जागा मोकळ्या सोडतो. तिथे वेळेवर उडी मारली, तरच चाल पुरी होणार.

चष्मिष: "डोकं फिरलंय तुझं." मग कागदावर काहीतरी खरडलं. मग, "थांब, होईल हे."

२३ फेब्रुवारी
गेम घरी आणला. बाहेरच्या खोलीत लावला, मोठ्या आवाजात. मुद्दाम!

आणि मीच बेताल. खड्डे चुकवायच्या नादात स्वर भलतीकडेच पडतात.
आतून ताई: "उशीर करतोस! अरे, आधी, आधी!" थोड्या वेळाने: "कान आहेत की भोकं?"
दुर्लक्ष केलं. तिने संगीत सोडलंय ना? मग माझ्या चुका कशाला मोजते?

२४ फेब्रुवारी
कामावरून आलो, तर जिन्यातच चाल ऐकू आली. अख्खी! एकही जागा मोकळी नाही.

ताई जमिनीवर बसलेली. कंट्रोलर मांडीवर, उजव्या हाताचा अंगठा बटणावर, डोळे मिटलेले. गडी खड्डा नसला तरी उडत होता, असला तर खुशाल पडत होता, उठून पुन्हा धावत होता.

"अगं ताई, खड्डा!"
"खड्ड्यात गेला तुझा खड्डा. बोलू नकोस, ताल चुकतो."

मी तिच्या शेजारी बसलो.