दवाखान्यातून आणलेला शब्द

प्रिय हिरामणमामा,

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. जिवंत होतास तेव्हा दोन गल्ल्यांपलीकडे राहत होतास, तरी कधी पाच मिनिटं येऊन बसले नाही, आणि आता पत्र लिहितेय! तू म्हणशील, वैशू, हे आता काय नवीन काढलंस? काढलं, कारण मंगळवारी दुपारी मला एक गोष्ट कळली आणि ती सर्वांत आधी तुलाच सांगायला हवी. उशीर झालाय, ठाऊक आहे.

आधी एक कबूल करते. तुझ्या दहाव्याला मी आले ती रडायला नाही, बघायला. मामी कशी बोलते, कोण कुणाच्या कानात काय पुटपुटतं, आमच्या नावाने कुणी बोटं मोडतं का. मामीने माझ्या हातात चहाचा कप दिला, "बस गं बाई," म्हणाली. आणि माझ्या मनात काय आलं असेल? हिला एवढं गोड बोलायला काय झालं? नक्की काहीतरी काम असणार! बघ, असा माझा स्वभाव. अगदी आईवर गेलेय. गॅसवाल्याने सिलिंडर आणला की मी तो आधी हलवून बघते. प्राची, माझी लेक, फोनवर हसली की मला वाटतं माझ्यावरच हसतेय.

आई तर दहाव्यालाही आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच दिवशी संध्याकाळी ती भाजीबाजारात जाऊन दोन पिशव्या भरून आली, ते मी बघितलं.

मामा, आमच्या घरात तुझ्यावर बत्तीस वर्षं खटला चालला. आणि गंमत बघ, आरोप काय आहे ते तुला कुणी कधी सांगितलंच नाही! तुला वाटलं असेल, माझ्या अप्पांचा हात मोडला त्याच्या आदल्या दिवशीच्या भांडणाचा राग तुझ्या अक्काने, आईने, धरला. नाही रे. भांडण आई चार दिवसांत विसरली असती.

भांडण काय, तू अप्पांच्या ओळखीने त्यांच्याच लूमच्या कारखान्यात लागलास आणि दोन महिन्यांत म्हणालास, मी पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये चाललो. अप्पांची सेठपुढे मान खाली गेली. तू आमच्या खोलीत उभा राहून ओरडलास, "दाजी, मी काही तुमच्या हाताखाली जन्म काढणार नाही!" दार असं आपटलंस की कडी निखळली. मी नऊ वर्षांची. आम्हाला गाव सोडून गुजराती मुलखात, नवागामला येऊन तेव्हा तिसरा महिना होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, अप्पांचा हात मोडलाय, हिरामण त्यांना दवाखान्यात घेऊन गेलाय. आई धाकट्याला कडेवर घेऊन पळत निघाली, मी तिच्या मागे. पोचलो तेव्हा तू औषधं आणायला गेला होतास. अप्पा बाकावर बसलेले, डावा हात उजव्या हातात धरून, चेहरा पांढराफटक. आईला गुजरातीचं अक्षर कळत नव्हतं. मला कळत होतं! म्हणजे मला तसं वाटत होतं. शेजारच्या पोरींबरोबर लंगडी खेळून खेळून मी दहा-वीस शब्द उचलले होते आणि गल्लीभर मिरवत होते.

कंपाउंडरने अप्पांचा शर्ट कापला, हात चाचपला, आणि आतल्या डॉक्टरांना मोठ्याने सांगितलं, "साहेब, कोणी भांगी छे. कोणी!"

आईने विचारलं, "काय सांगस तो?"

मी छाती फुगवून सांगितलं, "तो म्हणतो, कोणीतरी मोडला. कोणीतरी!"

बस. एवढंच झालं होतं, मामा.

त्यानंतर आईच्या तोंडून एकच शब्द निघाला. "कोनी?" आणि तेवढ्यात तू औषधांची पुडी घेऊन आत आलास. आईने तुझ्याकडे असं बघितलं की तू दारातच थबकलास. "अशी काय देखी राहिनी अक्का? मी काही नही करं!" म्हणालास. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी त्याले इचारं का? न इचारता कसा बोलना?" आता तूच सांग, तिचं काय चुकलं? मलाही तेव्हा ते अगदी पटलं होतं.

मग एकेक पुरावा जमा होत गेला. तुमच्या कारखान्यातला एक जण सांगून गेला की हिरामणने दाजींचा हात दोन्ही हातांनी धरलेला मी डोळ्यांनी पाहिला. झालं! म्हणजे पिरगाळला. अप्पा बिचारे सांगत राहिले, "अगं, ओल्या पायरीवरून घसरलो, कोपरावर आपटलो. त्याने तर हात धरून मला आणलं." आई म्हणायची, मेहुण्याला वाचवतायत. अप्पा जितक्या वेळा तुझी बाजू घ्यायचे तितका तिचा संशय पक्का व्हायचा. शेवटी अप्पांनी बोलणंच सोडलं. ते गप्प बसले तेव्हा आई म्हणाली, बघा, आता बोलायला तोंड राहिलं नाही!

अशा बाईपुढे कोण जिंकणार?

त्या वर्षीची भाऊबीज तुला आठवत असेल. तू नवा शर्ट घालून आलास. आईने आतून कडी लावली आणि मोरीत धुतलेलेच कपडे पुन्हा धोपटायला बसली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. तू बराच वेळ उभा राहिलास, शेजारचे बघायला लागले तेव्हा दाराकडे बघून म्हणालास, "येस वं अक्का." पायऱ्या उतरलास. पुढची पाच-सहा वर्षं तू दर भाऊबीजेला येत राहिलास. मग नाही आलास. तेव्हा मी काय म्हटलं सांगू? "बघ आई, आता कसा तोंड चुकवतो!" पंधरा वर्षांची घोडी होते मी, मामा. आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

तर मंगळवार. प्राची फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली की हाडं पाठ करायला तिला कुणाचं तरी शरीर लागतं, आणि घरात फुकटचं शरीर माझं. मी साडीवर टिकल्या चिकटवत बसले होते. तिने माझा डावा हात ओढला, दंडापासून बोट फिरवत खाली आली. "मम्मी, दंडात एकच हाड. खाली हातात दोन. तिन्ही इथे येऊन भेटतात." मग कोपराच्या मागचं टोक चिमटीत धरलं, मी हात ताठ धरला होता तर म्हणाली, "कोणी ढीली मूक, मम्मी. कोणी!"

माझ्या हातातून टिकल्यांची डबी सांडली.

मामा, मला गुजराती येत नाही असं नाही. तीस वर्षं मी ही भाषा बोलतेय, भाजीवाल्याशी भांडते, शाळेतल्या बाईंशी बोलले, सेठाणीशी हुज्जत घालते. गुजरातीत कोपराला कोणी म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण दवाखान्यातलं ते वाक्य माझ्या डोक्यात मराठी होऊन बसलं होतं. ते बाहेर काढून परत ऐकावं असं कधी वाटलंच नाही. त्या माणसाने एवढंच सांगितलं होतं की कोपर मोडलंय.

पण मी अशी सहज मानणारी का? मी प्राचीलाच फैलावर घेतलं. "हात पिरगाळला तर कुठे मोडतो?" ती म्हणाली, जोरात पिरगाळला तर बहुतेक दंडाचं हाड मधे मोडतं, तिथून एक नस हाडाला लपेटून जाते, तिला धक्का बसला तर मनगट लटकतं. "आणि कोपरावर पडलं तर?" तर हे मागचं टोक तुटतं. दंडाच्या मागचा स्नायू त्या टोकाला चिकटलेला असतो, तो तुटका तुकडा वर ओढून घेतो. मग हात वाकतो, पण नेट लावून सरळ करता येत नाही. "आजोबांचं मनगट लटकत होतं का, मम्मी?"

नव्हतं. अप्पा आज सांगायला नाहीत, पण मला आठवतंय, प्लास्टर घालायच्या आधी त्याच हाताची बोटं हलवून अप्पांनी धाकट्याला हसवलं होतं. आणि प्लास्टर निघाल्यावर कित्येक महिने त्यांना दोरीवर टॉवेल टाकता येत नव्हता. कोपराच्या मागे, टोकाच्या जरा वर, एक खळगा होता. मी त्यात बोट घालायची आणि ते "अगं दुखतं ना!" म्हणून ओरडायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं रे! पुरावा घरातच बसून जेवत होता.

मी तरी सोडलं नाही. विचारलं, "आणि काठीने मारलं तर?" प्राची वैतागली. "तरीही तुटेल. एक्स-रे नसताना मी काय सांगू? पण तू कुणाला पकडायला निघालीयस, मम्मी?"

मी सांडलेल्या टिकल्या गोळा करायला लागले. तुला पकडायला निघाले होते, मामा. मेल्यावरसुद्धा.

तुझे हात मला आठवतात. तू शर्टाची बाही वर सारून दंडाची बेटकुळी काढायचास आणि म्हणायचास, "दाब वैशू, दाबून बसव तिला खाली." मी दोन्ही हातांनी दाबायची, ती काही बसायची नाही. मग तू हात आडवा धरायचास आणि मी लोंबकळायची. त्याच हातांनी तू अप्पांचा मोडका हात कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत धरून आणलास, हलू नये म्हणून. आणि आम्ही म्हटलं, पिरगाळला.

एक मात्र तुलाही विचारते, रागावू नकोस. तू एकदा तरी दार लाथाडून आत का आला नाहीस? आईच्या समोर बसून विचारायचंस, अक्का, माझा गुन्हा काय ते सांग. ती म्हणाली असती, कंपाउंडरने सांगितलं. तू म्हणाला असतास, काय सांगितलं? आणि तिथल्या तिथे निकाल लागला असता! तुझा मान एवढा मोठा होता का? की तुलाही आमच्यावर संशय होता, की अक्काला मुळात नातंच नकोय? मला आता कुणाला विचारता येत नाही.

काल मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं. शब्द मी आणला, चूक माझी, मामाने काही केलं नव्हतं.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले आज कोनी शिकाडं हाई? तिनी ना?" म्हणजे मामीने! दहाव्याला गेले, चहा प्यायले, फितले!

मी म्हटलं, "आई, प्राचीला विचार." म्हणाली, "ती तुनीच पोर." मग चपला घातल्या. गुडघे दुखणारी बाई खाली उतरली. मी गॅलरीतून बघत होते. पहिल्या मजल्यावरच्या काशीबेनना तिने हाक मारली, आपलं कोपर पुढे केलं आणि विचारलं, "आने शुं कहे?" काशीबेन म्हणाल्या, "कोणी, मासी. केम, वागी गयुं?" त्यांना वाटलं, लागलंय. तिथून किराणावाल्याकडे गेली. त्यालाही कोपर दाखवलं. मग रिक्षा लावून उभा असलेल्या एका अनोळखी माणसाला. त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण मी बघितलं, आई आपलं डावं कोपर उजव्या हातात धरून तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून जात होती.

वर आली. तांदूळ पुन्हा पुढ्यात ओढले. रडली नाही, मला शिव्या घातल्या नाहीत. घालायला हव्या होत्या. नऊ वर्षांच्या पोरीने मिरवायला एक शब्द आणला आणि तिच्या पाठचा एकुलता एक भाऊ हिरावून घेतला. मी म्हटलं, "आई, काहीतरी बोल." ती म्हणाली, "खडे निवडू दे."

आज सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "तिना घरले पायऱ्या कितल्या शेतस?"

मामा, बत्तीस वर्षांत तिने तुझ्या घराबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट. मी सांगितलं, एकोणीस. दहाव्याला मी मोजल्या होत्या, का कोण जाणे. आई म्हणाली, कठडा आहे का? मी म्हटलं, नाही.

तर उद्या सकाळी मी तिला घेऊन येते. मामी काय म्हणेल माहीत नाही. दार लावून घेईल तर तिला तो हक्क आहे, आम्ही बाहेर उभ्या राहू. पण उघडलं, तर आईच्या आधी मी बोलेन. शब्द मी आणला होता हे तुझ्या घरात, तुझ्या माणसांसमोर, माझ्या तोंडाने सांगेन, आणि कशाचाही आडोसा घेणार नाही. तेवढं वचन देते. आणि आईला एकोणीस पायऱ्या मी दंडाला धरून चढवीन, ती नको म्हणाली तरी.

तुझी भाची,
वैशू