चौदाव्या दिवसाचा रिपोर्ट

प्रिय ताई,

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडून टाक. बुरशी उगवते का ते बघायला तुझ्या छकुलीचे केस घातलेली नळी मी पूर्ण मुदत ठेवली आणि तिच्यात काही उगवलं नाही, असं मी लिहिलं होतं. नळी मी चौदाव्या दिवशीच काढली. रिपोर्टवर मात्र ‘मुदत पूर्ण’ असं लिहिलं.

नियम माहीत नव्हता असं नाही. शाळेत जायच्या आधीपासून बाबांच्या प्रयोगशाळेत स्टुलावर उभी राहून मी नळ्यांवर तारखा चिकटवत आले. केसांतली बुरशी सावकाश वाढते, नळी चार आठवडे ठेवायची, तिच्यामागे घाई करायची नाही, हे त्यांनी मला अक्षरांच्याही आधी शिकवलं. पण छकुलीच्या डोक्यावरच्या चट्ट्यातले केस भिंगाखाली स्वच्छ दिसले, तू रोज फोन करत होतीस, आणि धाकटा भाऊ झाल्यापासून ती रुसून केस उपटते हे आपण घरात ठरवूनच टाकलं होतं. मीही ठरवलं होतं. बाबांनी माझ्या भरवशावर न बघता सही केली.

टाकायच्या नळ्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून ती ट्रेमध्येच राहिली. काल ट्रे उपसताना तिच्यात मेणासारखी, जांभळी, डाळीएवढी बुरशी वाढलेली दिसली. वर छकुलीचं नाव, माझ्या अक्षरात. सत्ताविसावा दिवस. बाबांना दाखवली. ते बराच वेळ भिंगावरून डोकं उचलेनात. मग म्हणाले, गोळ्या सुरू करायला सांग, बाकीचं कशाला उकरतेस. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून सकाळी फोनवर मी एवढंच बोलले, की नळीत उशिरा काहीतरी आलंय, गोळ्या आण, धाकट्याचंही डोकं तपासून घे. पुढचं बोलायला जीभ रेटली नाही.

तू लिहिलं होतंस, की तिच्या हातांना मोजे घालून मनगटाशी बांधतेस, आणि परवा मार खाल्ल्यावर ती म्हणाली, “हो, मीच उपटते.” ताई, सहा वर्षांच्या पोरीनं न केलेलं कबूल केलं, ते माझ्या कागदामुळे. केस बहुतेक परत येतील. पण तिला खरं काय ते तू सांगू नकोस, ते मला सांगू दे. तुम्हा सगळ्यांच्या देखत तिची माफी मागायला मी येते आहे, येत्या गुरुवारी, नऊ तारखेला.

तुझीच,
धाकटी