हवा घेणारी जागा

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. दहावी अर्धवट सोडलेला तुमचा मुलगा अंबाजोगाईला दवाखान्यात ड्रेसिंगला मदत करतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. गेल्या महिन्यात उमापूरकडचे एक मेंढपाळ मामा आमच्या वॉर्डात आले. मणक्यात पू झाला म्हणून ऑपरेशन करून स्क्रू बसवले होते आणि तीच जखम पुन्हा पिकली होती. एका सकाळी डॉक्टरांनी जखमेत स्पंज ठेवला, आम्ही वरून पातळ चिकट पडदा लावला, त्यातून नळी काढून मशीनला जोडली. मशीन आतली हवा आणि पू सतत ओढून घेतं, मग जखम स्वच्छ होऊन भरत येते. "हे नीट चाललं नाही तर स्क्रू काढावे लागतील," डॉक्टर म्हणाले. मग मामांचं उभं राहणंच अवघड.

त्याच दुपारी मशीन ओरडायला लागलं. कुठून तरी हवा आत जात होती. सिस्टरनी सगळ्या कडा दाबून पाहिल्या. पालथे पडलेले मामा म्हणतात, "लेका, पाठीला मोटार बसवली, अन् पानी कावून चढंना?" सगळे हसले. मला मात्र माजलगावच्या कालव्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे तुम्ही दिसलात. पाइप हवा घेतोय, आणि तुम्ही कान लावत लावत पुढं सरकताय. फट सापडली तशी मी झटकन रबराची पट्टी गुंडाळली. "येडा हाय का बे? वल्ल्या पाइपाला पट्टी बसती व्हय? काढ. आदी पूस, मग चिटकव." चार लोकांसमोर बोललात. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

मी मामांच्या पाठीजवळ कान नेला. कमरेखालच्या घडीत बारीक सूं आवाज येत होता. सिस्टरना दाखवलं. तिथला पडदा सोडवला, घाम टिपला, कातडी ठक्क कोरडी होईपर्यंत थांबलो, मगच नवा तुकडा लावला. मशीन गप्प झालं, स्पंज आवळून बसला. काल मामा वॉकर धरून दारापर्यंत गेले. स्क्रू आतच आहेत.

"हे कुठं शिकलास?" डॉक्टरांनी विचारलं. मी ताठ मानेनं म्हणालो, "वडिलांकडं. मोटारी दुरुस्त करायचे." पण त्या सकाळी तिथला पडदा कुणी लावला होता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. आबा, मी पुन्हा ओल्यावरच लावला होता.