हेडसर, राणी आणि भोंगा

९ जुलै, बुधवार
गल्लीत भरदुपारी चोरी. कोपऱ्यावरच्या घरातून दोन सिलिंडर आणि पितळी घागर गेली. मीच मूर्ख, निखिलला सांगून बसले. बंगळूरहून लगेच हुकूम, "आई, अलार्म बसव. तू एकटी असतेस."
एकटी कशी? दोन वर्षांपूर्वी नोकरीला जाताना यानेच आपली जनावरं माझ्या गळ्यात बांधली. एक इग्वाना, म्हणजे परदेशी हिरवी घोरपड समजा, घरभर मोकळा फिरतो. गळ्याखाली लोंबती कातडी, सगळ्या जगावर नाराज नजर. मी त्याला हेडसर म्हणते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, असे चार पाहिलेत. दुसरी राणी, अजगराच्या जातीची, काचेच्या पेटीत वेटोळं करून. दोघांचेही सरकारी नोंदणीचे कागद आहेत. माझेच वेळेवर सापडत नाहीत.

१४ जुलै, सोमवार
अलार्मच्या दुकानातून रियाज आला. हालचाल दिसली की भोंगा वाजवणारं यंत्र आणलं. शिवाय निखिलच्या मोबाइलवर निरोप जाणार.
"पाळीव जनावर चालतं याला?"
"बिलकुल. वीस किलोचं कुत्रं फिरलं तरी गप बसतं."
तेवढ्यात हेडसर पडद्यावरून खाली उतरले. रियाज सोफ्यावर चढला. तिथूनच म्हणाला, "मावशी, कुत्रं पडद्यावर चढत न्हाई ना पण."
तरी बसवलंच. बघू म्हणे.

१६ जुलै, बुधवार
बघितलं.
भाजी घेऊन येते तो दारात पन्नास माणसं, एकाच्या हातात कुऱ्हाड. भोंगा बोंबलतोय. शेजारच्या कमलबाई पुढं होऊन, "बाई, मधी जाऊ नका, चोर हाय!" आत हेडसर पंख्याकडे बघत पडद्याला लटकलेले.
नि.चा फोन दोन मिनिटांत. मग बोलतच राहिला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पावसाचं काय. बावीस मिनिटं. एरवी महिन्यातून एकदा, तोही रस्त्यावरून चालता चालता. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ जुलै, शनिवार
पुन्हा वाजला. रियाजने कारण शोधलं. हेडसर दिव्याखाली शेकून गरम होतात, मग थंड फरशीवर निघाले की यंत्राला माणूस वाटतात. राणी कितीही वळवळली तरी यंत्राला पत्ता नाही, ती थंडच. म्हणजे चोर सापाच्या अंगाचा असेल तर मोकळं रान. राणीने भोंग्याच्या धक्क्याने तीन दिवस उंदीर तोंडात घेतला नाही.
नि. भडकला. "आता एकदा जरी वाजला ना आई, तर दोघांनाही पुण्यातल्या एकाला देऊन टाकतो. तो न्यायला तयार आहे."
देऊन टाकतो म्हणे! दोन वर्षं जास्वंदीची फुलं कोण खुडतंय? शेवग्याचा पाला कोण निवडतंय? फ्रीजरमध्ये मटाराशेजारी उंदीर कोण ठेवतंय, माळ घातलेल्या घरात? लळा लागलाय मेल्यांचा. जाऊ देणार नाही.

२१ जुलै, सोमवार
रियाजला दम दिला. तो म्हणाला, "मंग दाराखिडक्यांना लोहचुंबकवालं लावू. दार उघडलं तरच वाजन. आत घोरपड नाचू द्या नायतर हत्ती." हे आधी का नाही सुचलं, विचारलं. "आधी घोरपड कुठं माहीत होती मावशी." सामान संभाजीनगरहून यायचंय.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी
सामान आलं. रियाज ड्रिल घेऊन चौकटीला टेकवतो न टेकवतो तोच कमलबाई पूजेचं ताट घेऊन दारात.
"आरं, आज शेतात नांगर घालत न्हाईत, चुलीवर तवा ठिवत न्हाईत, अन् तू भोकं पाडून राह्यलास? तेबी नागाच्या घरात?"
मी म्हटलं, हा नाग नाही, परदेशी आहे. "मंग काय झालं, पाव्हणा हाय." रियाजने गुपचूप ड्रिल पिशवीत घातलं. "बराबर हाय काकू, उद्या येतो." उकडलेली दिंडं खाऊन गेला.
मग गल्लीतल्या सतरा बायका. राणीच्या काचेला हळदीकुंकू. दूध ती पीत नाही, हे सतरा वेळा सांगितलं. लाह्यांवर हेडसर पाय देऊन गेले आणि ताटातलं फूल खाल्लं. कमलबाईंनी हात जोडले.

३० जुलै, बुधवार
बसलं. जुनं यंत्र काढलं. दुपारभर हेडसरांना मुद्दाम पळवलं. चिडीचूप. राणीनेही उंदीर खाल्ला. जिंकले.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सगळं शांत. नि.चा फोन नाही. काम असेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी
कमलबाईंबरोबर राजूरच्या गणपतीला गेले. रांगेत चार तास. दर थोड्या वेळाने पिशवीतून मोबाइल काढून बघत होते. कमलबाई म्हणाल्या, "घराची काळजी करून राह्यल्या का?" हो म्हटलं. घराची कुठली? भोंगा वाजला असता तर फोन आला असता, एवढंच.
घरी सगळं जागच्या जागी. मेलं.

१७ ऑगस्ट, रविवार
लिहायला लाज वाटते.
दहा वाजता अलार्म चालू केला आणि मागचं दार स्वतःच्या हाताने उघडलं. जनावरांवर आळ नको. हेडसर थेट कपाटावर.
एका मिनिटात फोन. "आई, काय झालं?"
"काही नाही रे. बंद करायचा नंबर विसरले."
 मग हळूच, "आई, तो माझी जन्मतारीख आहे."
मग त्याने आज वार कोणता, विचारलं. सकाळी काय खाल्लं, विचारलं. त्याच्या बालवाडीच्या बाईंचं नाव विचारलं. मी पोरांच्या तोंडी परीक्षा घेत असे, तश्शी घेतली. मी दोन उत्तरं बरोबर दिली. तिसरं खरंच आठवलं नाही.
म्हणाला, "शनिवारी येतो." दिवाळी सोडून पहिल्यांदाच. कॅलेंडरवर लगेच गोल केला. फोन ठेवताना म्हणाला, "डॉक्टरांकडे जाऊ. मग इकडेच ये राहायला." जनावरांचं काही बोलला नाही. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये पाळीव चालत नाही, हे मागेच सांगितलंय.
ठणठणीत आहे म्हणून दाखवलं तर रविवारी निश्चिंत होऊन परत जाईल. जरा विसरभोळी दिसले तर मला नेईल आणि हे दोघं पुण्याला.
शनिवारपर्यंत ठरवायला हवं.